राजकुमारीच्या मिशा

सुहासिनीकाकू : या डायरीवरच्या राजकुमारीला पेन्सिलीने मिशा कोणी काढल्या, सांगू? माझ्या अंबरीशने, तिसरीत असताना. आणि तू त्याची हिंदी कॉमिक्स कापून तिची खिशातली डायरी करून टाकलीस!

चिन्मयी : काकू, आधी बसा ना. पाणी आणते.

सुहासिनीकाकू : पाणी नको मला. सिव्हिल लाइन्सच्या प्रदर्शनात गेले, तर तुझ्या टेबलावर माझंच घर विकायला मांडलेलं. शेजारची पोर तू, माझ्या ओट्यावर खेळलेली. माळ्यावरची कॉमिक्सची पेटी उचलताना मला विचारावंसं वाटलं नाही?

चिन्मयी : चोरी नाही केली मी. तुम्ही लग्नाला नागपूरला होता, तेव्हा अंबरीशदादानेच काढून दिली. म्हणाला, ले जा, रद्दीतच जाणार आहे.

सुहासिनीकाकू : अंबरीशने?

चिन्मयी : हो. मी म्हटलं, काकूंना विचारते. तर म्हणाला, आईला काय करायचंय, तिला आजही हिंदी धड समजत नाही. मीच वाचून सांगायचो.

सुहासिनीकाकू : असं म्हणाला?

चिन्मयी : मला वाटलं, कोणी वाचून नाही राहिलं, तर डायरी तरी होईल. लोक त्यात लिहितील. फेकण्यापेक्षा अच्छा ना?

सुहासिनीकाकू : कोणी वाचत नाही म्हणे! अगं, सांगलीहून लग्न होऊन आले, तेव्हा हिंदीचा गंध नव्हता मला. फॅक्टरीच्या क्वार्टरात भाजीवाला काय म्हणतो कळायचं नाही. अंबरीशच्या शाळेतल्या बाई बोलल्या की मी नुसती मान हलवायची. एकदा त्या हसल्या, पोरासमोर. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला आणि मी ही पेटी उघडून बसले. अक्षर ओळखीचं, अर्थ कळेना. चित्र बघायचं, ओळ वाचायची, पुन्हा चित्र. भाजी करपायची माझी. आधी राक्षस काय बोलतो ते कळायला लागलं, मग शेजारीण. पुढच्या पालकसभेला याला घरी ठेवून एकटी गेले. बाई बघतच राहिल्या. आणि हा साहेब म्हणतो, आईला काय करायचंय!

चिन्मयी : बापरे. अर्धी पेटी अजून कापली नाही, काकू. भेडाघाटच्या दुकानवाल्याची ऑर्डर आहे, लेकिन...

सुहासिनीकाकू : त्याला सांग, माल संपला. आण इकडे.

चिन्मयी : (पेटी पुढे सरकवत) घ्या. पण तुम्हाला समजत होतं, तर दादाला सांगितलं काहून नाही? तो तर रोज संध्याकाळी तुम्हाला मराठीत समजावत बसायचा.

सुहासिनीकाकू : म्हणूनच नाही सांगितलं. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरात बापही त्याच्याशी हिंदीतच. मराठी तेवढी माझ्याशी, तीही या पुस्तकांपुरती. मला कळतंय म्हटलं असतं, तर तीही बंद पडली असती.

चिन्मयी : मी आत्ताच फोन लावते दादाला. सांगतेच त्याला सगळं.

सुहासिनीकाकू : खबरदार. अजूनही फोनवर हिंदीत काही बोलून गेला, की थांबतो आणि मला मराठीत सांगतो.