रोवणीतली पाहणी

तुमसरच्या एसटी स्टँडवर स्वाती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर एक आजी गळ्यात ओळखपत्र घातलेल्या तरुणीला जाब विचारत होती.

"तू त दिल्लीच्या संस्थेची ना? आमची अंगणवाडी बंद करा म्हून सरकारले तुमीच सांगतलं?"

"बंद नाही, आजी. शेजारच्या गावाला जोडा, असा सल्ला दिला. पाहणीत तुमच्या अंगणवाडीत दोनच मुलं दिसली."

"कोन्त्या महिन्यात पाहिलं?"

"जुलैत."

"अवो पोरी, जुलैत धानाची रोवणी रायते! माय बांधीत रोपं लावते, त लेकरू बी बांधीत. गावात कुत्रं नाही सापडत."

बाळ कुरकुरलं. स्वातीने त्याला घाईने थोपटलं. तिला पुढचं ऐकायचं होतं.

"पण अहवाल मंत्रालयात गेलाय, आजी."

"मंग दुसरा धाड. आता रोवणी सरली. चाल, सव्वीस लेकरं हायेत, एकएक मोजून घे."

"आज भंडाऱ्याला बैठक आहे माझी."

"दोन पाहाले दिल्लीवरून आली, अन् सव्वीस पाहाले टाइम नाही?"

 तेवढ्यात आजीच्या गावाकडची, आंबागडची गाडी लागली. आजी गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत तरुणी गर्दीतून वर चढली होती.

"या आजी, खिडकीची जागा धरलीय."