भाडेकरूचं दूध

भाडं मांगाले जानं काय असते, ते मले इचारा. मावळतीच्या बाजूच्या आमच्या खोलीत तेलंगणातल्या निर्मल गावाकडचा एक तेलुगू मास्तर राहे, श्रीनिवास. तीन महिने भाडं नाही. पगार हैदराबादेत अटकला म्हने.

एक दिवस बायको धावतच आली. "अवो, त्याच्या बायकोनं पितळेचं नवं भांडं आनलं! हे लोकं नव्या घरात गेले की आधी दूध उतू घालतात. भाडं बुडवून पळून राह्यले!"

तसाच गेलो.

"काऊन श्रीनिवास, घर सोडून राह्यले काय?"

"नै सर! यहाँ आए थे तब दूध उफनने के पहलेच स्टो बुझ गया था. इसलिए पगार रुक गया. आज फिर से उफनाते. आओ, बैठो."

आता सांगा, शाळेत पोराईले अंधश्रद्धेवर भाषन देनारा मी, त्या स्टोपाशी उकिडवा बसलो. दूध काही वर येईना. शेवटी मीच पंप मारत सुटलो. मनात म्हनलं, चढ माय, चढ!

अन फस्सकन उतू गेलं. माझा जीव भांड्यात पडला.

श्रीनिवासनं हात जोडले. "बस सर, अब पगार पक्का."

तेवढ्यात दूधवाला पैशासाठी दारात येऊन उभा राह्यला. श्रीनिवास हळूच माझ्या कानाशी म्हने, "सर, पगार आने तक इसका भी आपईच दे दो."