चांदसाहेब मिस्त्रींच्या खिशातलं पातं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हंबीररावदादा, व्यासपीठावर बसलेली शिराळ्यातली सगळी गॅरेजवाली मंडळी, सत्कारमूर्ती चांदसाहेब मिस्त्री, त्यांच्या गॅरेजचा अर्धा भार उचलणारी त्यांची मुलगी शिफा, आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो, गाडीवाल्यांनो,

मी मल्हार. गाव फलटण, पण फलटणला मी सहसा सापडत नाही. शाळेचं विचारू नका, दादा. मोटरसायकलवर फिरायचं, मिळेल ते काम करायचं, सध्या पाचगणीला स्ट्रॉबेरी भरायचे खोके पोचवतो. शिराळ्यात मी आलो होतो नागपंचमी बघायला, आणि गाडी चौकातच बंद पडली. त्या नागपंचमीचंही सांगण्यासारखं आहे, पण ते राहू दे. गाडी ढकलत मिस्त्रींच्या दारात नेली, ती तेव्हापासून त्यांच्याकडंच येते.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? मॉडेल कुठलं? नाही. म्हणाले, "चालवतोस कुठं?"

म्हटलं, "कुठंबी."

"तसं न्हाई रं. घाटानं का सपाटीनं? ओझं घिऊन का मोकळा?"

गेला होता प्लग. आता प्लग आणि माझं ओझं, यांचा काय संबंध? तर आहे. आपले गुंडाआप्पा, ते बघा मागं बसलेत, दुधाच्या किटल्या लावून वस्तीवस्तीनं रमतगमत जातात. इंजिन तापतच नाही, प्लगवर काजळी धरते. त्यांना मिस्त्री देतात गरम प्लग, काजळी जाळणारा. मी ओझं घेऊन घाट चढतो, मला थंड प्लग, फार न तापणारा. आटे तेच, लांबी तीच, नंबर तेवढा वेगळा. आप्पांनी एकदा हट्टच धरला, "मलाबी त्या पोराचाच प्लग द्या, त्ये लय पळतंय." मिस्त्री म्हणाले, "आवं आप्पा, प्लग न्हाई पळत. पोरगं पळतंय."

हसू नका आप्पा, तुमचंच सांगतोय.

तर प्लग निवडला, की मग येतो गॅप. टोकाला ठिणगी उडायला जी बारीक फट असते, ती. ती मापायला मिस्त्रींच्या खिशात हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा असतो, दात घासून काढलेला, त्यांच्या उस्तादांनी दिलेला. सकाळी शटर वर केलं की मिस्त्री ऊद लावणार, ते पातं पॉलिश पेपरवर घासून लख्ख करणार, आणि मगच पहिल्या गाडीला हात. पातं फटीतून जरा अडत अडत सरकलं, की गॅप बरोबर. बाप-लेक दोघांचं माप तेच.

पण गेल्या वर्षापासून गाड्या परत यायला लागल्या. "मिस्त्री, मिसिंग मारतीया, मधीच झटकं खातीया." "मिस्त्री, सकाळी किका मारून पाय दुखला." लोकांनी दोष दिला पेट्रोलला. म्हणे, इथेनॉल मिसळतात. तेही हळू आवाजात, कारण इथेनॉल उसाचं आणि ऊस आपलाच!

मिस्त्रींनी मात्र दोष दिला स्वतःला. "हात गेला माझा," म्हणाले. गॅरेज बंद करायचं, पाचगणीला झिशानकडं, म्हणजे मुलाकडं, जाऊन राहायचं. शिफा म्हणाली, "अब्बा, तुमचा गेला आसंल, माझा हाय की!"

"तुझ्याबी गाड्या परत येत्यात. मीच शिकवलंय तुला. चुकीचंच शिकवलं आसंल."

मी तिथंच होतो. पाना खाली ठेवून ती आत निघून गेली.

मग तुम्ही हा समारंभ ठरवला. हॉल घेतला, पत्रिका छापल्या.

आणि परवा पसरणी घाटात माझी गाडी झटके खाऊन थांबली. दरी छान दिसत होती, म्हणून आधी थोडा वेळ बसलो. मग डिकीतला प्लग लावला, कधीतरी फलटणला गॅप करून घेतलेला. नंबर तोच, कंपनी तीच. गाडी एका किकेत सुरू! दोन्ही प्लग उजेडात धरले. मिस्त्रींच्या प्लगची फट निम्मी दिसत होती.

खोके पोचवले आणि काल तडक शिराळ्याला आलो. म्हणजे वाईला मिसळ खाल्ली, पण तेवढंच. शिफाच्या हातात दोन्ही प्लग दिले. मिस्त्रींचं पातं तिनं फलटणच्या फटीत घातलं, तर ते आत डुगडुगायला लागलं. मग शेजारच्या गॅरेजमधून फीलर गेज आणला, फट मापायच्या पात्यांचा, कंपनीच्या मापाचा. फलटणची फट बरोबर. झिजलं होतं पातं. रोज सकाळी इमानानं घासून घासून उस्तादांचं पातं कागदासारखं झालं होतं.

मिस्त्रींनी पातं बोटांत धरून चाचपलं. मग शिफाला म्हणाले, "म्हंजी हात बरा हाय?"

"लय बरा हाय, अब्बा. माझाबी."

मग त्यांना आठवल्या पत्रिका. "आता लोकास्नी काय सांगू? पातं झिजलं म्हणून? कार्यक्रम हुंदे. जातो मी झिशानकडं." त्यावर शिफा बापाशी जे बोलली, ते या माइकवरून सांगता येणार नाही. आज दारातून आत येताना मिस्त्री मला म्हणाले, "तूच सांग गड्या. मला जमायचं न्हाई."

म्हणून सांगतोय. दादा, तुम्हाला हे आत्ताच कळतंय, माफ करा. शाल आणलीच आहे, ती मिस्त्रींना द्याच. पण निरोप द्यायचा आहे तो या तबकातल्या पात्याला. उस्तादांची आठवण आहे, ते आता गॅरेजच्या भिंतीवर राहील. आणि हा नवा फीलर गेज. शिफा, ये, तूच दे त्यांच्या हातात.

बघा, घेतला. खिशातही टाकला!

दादांनी बोलायची संधी दिली, तुम्ही माझं भरकटणं सोसलंत, सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर इथं नको, उद्या सकाळी गॅरेजवर येऊन सांगा. येताना मिसिंग मारणारी गाडीही आणा. मिस्त्री तिथंच असणार आहेत.