वाघ नीट पाहा

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. नांदुऱ्याला स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारं जोडपं होतं. मुंबईहून नुकताच उतरलेला गावचा पोरगा त्यांना भेटला.

"एकच दिवस हाये, उद्धवा. मुंबईत काय काय पाहाचं?"

"सकाळी राणीच्या बागेत वाघ पाहा, काका. मंग चौपाटीवर समुद्र पाहा."

"तुह्या काकूले आता दिसत नाही बे."

"...मंग वाघ राहू द्या. सरळ चौपाटीवर जा. काकूच्या चपला काढा, पाण्यात उभं करा. लाट माघारी जाते तवा पायाखालची रेती सरकते. हात तेवढा सोडू नका."

"काऊन रे, वाघ काऊन राहू द्याचा? तुह्या काकाले पाहू दे. ते मले सांगतीन."

"मी काय सांगू वो तुले?"

"तेच तं! लोणारले नेलं, अन तळं 'लय मोठं हाये' येवढंच सांगतलं. वाघ तरी नीट पाहा."