दोऱ्या-बिब्ब्याच्या डब्यातलं खोडाळा स्टेशन

जबाब

पोलीस ठाणे मोखाडा, जि. पालघर
दि. २० फेब्रुवारी २०२५

नाव करिष्मा सुदर्शन वारघडे, वय २३ वर्षे, शिक्षण सातवी, आश्रमशाळा, धंदा मजुरी आणि खेळण्यातल्या रेल्वेची घरं-स्टेशनं करणं, राहणार खोडाळा, ता. मोखाडा, जि. पालघर.

मी समक्ष हजर राहून, विचारलं तसं, माझ्या तोंडाने सांगते की, वरच्या पत्त्यावर मी, माझी सासू कोंडी आणि मुलगी हर्षदा, वय दीड वर्ष, अशा राहतो. माझे मालक सुदर्शन भिवंडीला बांधकामावर आहेत, सणाला येतात. माझं माहेर दाभोसा. माझ्यावर याआधी कधी पोलिसात यायची वेळ आली नाही. मुलगी मांडीवर घेऊन जबाब देत आहे.

जव्हारला जयवंती मॅडम राहतात. त्या शाळेतून रिटायर झाल्या आहेत. लग्नाआधी मी त्यांच्याकडे झाडू-भांड्याला जायचे. त्यांच्या मागच्या खोलीत दोन बाकांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं आहे. त्या दारावर डोंगर, नदी, बोगदा, रूळ असं सगळं त्यांनी केलेलं आहे. रुळावर वीतभर इंजिन चालतं, करंटवर. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. मी खरी रेल्वे पहिल्यांदा बघितली ती आईबापाबरोबर वसईकडे वीटभट्टीला गेले तेव्हा. स्टेशनात आम्ही गाठोड्यांवर बसलो होतो, गाडी समोरून गेली.

मॅडमच्या रेल्वेला घरं लागतात. ती परदेशी असतात, प्लास्टिकची, सुटी सुटी. आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लागाव्या तशी एका काडीला भिंत, खिडकी, दार, छप्पर लागलेलं असतं. ते तोडायचं, घासायचं, चिकटवायचं. नवीन परवडत नाही म्हणून मॅडम कोणाकोणाचे जुने, अर्धे डबे घेतात. त्यांचा हात आता कापतो. एकदा त्या मला म्हणाल्या, "करिष्मा, एवढं घर तू लावून बघ." मी लावलं.

त्यात माझ्याकडून एक चूक झाली होती, ती सांगते. मॅडम बाजारातून आल्या तोवर मी दारावर मांडलेल्या सगळ्या घरांची धुराडी ब्लेडने कापून टाकली होती. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "अगं, धुराडी कुठे गेली?" मी म्हटलं, "मॅडम, आपल्याकडे धूर कौलांतून जातो. घराला ही शिंगं कशाला?" त्यांनी एक घर उचलून फिरवून बघितलं. मला वाटलं काम गेलं. मग त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "खरंच की. डोंगर आपला, नदी आपली, आणि घरं मात्र कोणाची! आता सगळीच आपल्याकडची कर." कापलेली धुराडी मी फेकली नव्हती. ती उलटी ठेवून, वर कुसळाएवढा पाला लावून, घरांपुढे तुळशी केल्या.

तेव्हापासून हे काम माझं आहे. माझं लग्न झाल्यापासून मॅडम सामान माझ्याबरोबर खोडाळ्याला देतात, मी घरी करून जव्हारला नेऊन देते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार सुनिता मॅडमनी विचारलं, नक्की काय करतेस ते सांग. म्हणून सांगते. एका घराची मी दोन करते. पुढची भिंत एकाला, मागची दुसऱ्याला. दारावर मांडलं की लोक पुढूनच बघतात, मागे डोंगरच लागतो. उरलेली काडी रॉकेलच्या चिमणीच्या धगीवर धरून हळू ओढली की केसासारखी तार निघते, ती खांबांवर टाकते. जाड काडीचे कठडे होतात. खिडक्यांच्या फळ्यांची बाकडी होतात. एका डब्यात देवळाचा उंच मनोरा आला होता, घंटेवाला. त्याची पाण्याची टाकी केली. फट राहिली तर फेस पावडर आणि नेलपॉलिश कालवून भरते. माती मी अंगणातलीच लावते, गाळून. तसला रंग दुकानात मिळत नाही.

माणसं पण परदेशी येतात. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, अंगावर लांब कोट. एक माणूस हरभऱ्याएवढा असतो. त्याचं डोकं कापायचं, टोपी घासायची, दुसऱ्या धडाला लावायचं. कोटवाल्या बायकांना पातळ कागदाचं लुगडं, गोंदात भिजवून, गुडघ्यापर्यंत. छत्रीवाल्याची छत्री काढून खांद्यावर कुदळ दिली. बॅगवाल्याच्या बॅगेची गोणी केली. रंगवताना हातात धरता येत नाही, म्हणून पायाच्या खालून टाचणी घालून थर्माकोलमध्ये टोचून ठेवते. गोंद ओला असेल त्याचं डोकं बाजूला बाटलीच्या बुचात काढून ठेवते. हे सगळं मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावरूनच झालं.

या वेळचं काम स्टेशनाचं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, नाव तुझ्या मनाचं लिही. मी झाडूच्या हिराने पिवळ्या पट्टीवर खोडाळा लिहिलं. आत एक दिवा बसवला, बाहेर दोन वायरी काढल्या, बॅटरीच्या सेलला लावायला. सासूबाई आधी म्हणायच्या, "त्या प्लास्टिकच्या कचऱ्यात डोळे घालवतंस." पण काल बोर्ड लागल्यावर त्यांनी शेजारणीला बोलावून दाखवलं. म्हणाल्या, "आमच्या सुनंनं गावात रेल्वे आणली." आज सकाळी निघताना त्यांनीच डब्याला काळा दोरा बांधला आणि त्यात बिब्बा ओवला. म्हणाल्या, "एवढं नाजूक काम हाय, कोनाची नजर लागायची." मी नको म्हटलं नाही. मलाही बरं वाटलं.

आज सकाळी मी मुलगी आणि डबा घेऊन तुकाभाऊंच्या जीपने खोडाळ्याहून मोखाड्याला आले. इथून जव्हारची जीप धरायची होती. वळणांनी हर्षदाला उलटी झाली. तिचं अंग, माझं लुगडं, सगळं भरलं. जीपच्या थांब्याजवळ वेणूबाईंचं किराणा दुकान आहे. मी डबा त्यांच्या ओट्यावर ठेवला आणि समोरच्या हापशीवर मुलीला धुवायला गेले. ओट्यावर तेव्हा कोणी नव्हतं, म्हणून कोणाला सांगितलं नाही.

मुलीला धूत असताना ओरडा ऐकू आला. वेणूबाईंनी दोरा-बिब्बा बघून आधी काठीने डबा ढकलला, मग काठीनेच झाकण उडवलं. आत टाचणीवर उभी माणसं, त्यातल्या तिघांना डोकी नाहीत, डोकी बुचात, आणि वायरी. वेणूबाईंच्या कमरेत दिवाळीपासून चमक आहे, हे त्यांनीच नंतर सांगितलं. त्या ओरडल्या, "बघा, बघा! माझ्याच ओट्यावर! म्हनून माझी कंबर धरली हाय!" पंचवीस-तीस माणसं जमली. पुंजाबाबा म्हणून म्हातारे आहेत, ते म्हणाले, "हात नका लावू कोनी. भगताला बोलवा." लक्ष्या नावाचा पोरगा मोबाईलवर शूटिंग करत म्हणाला, "बाबा, वायरी हायेत. हा बॉम्ब हाय." पुंजाबाबा म्हणाले, "बॉम्बला बिब्बा बांधतात काय रं?" लोक हसले, पण मागे सरकले.

मी हापशीवरच उभी राहिले. डबा माझा आहे असं मी बोलले नाही. का बोलले नाही ते हवालदार मॅडमनी विचारलं. माझी मावशी गौरा हिला तिच्या सासरच्या गावात एकदा कोणी भुताळी, म्हणजे करणी करणारी, म्हटलं. मग हापशीवर तिच्यामागून कोणी हंडा लावेना. मग घराची कौलं फुटली. तिच्या मुलीला अजून स्थळ येत नाही. मावशी आता कुठे राहते ते मी इथे सांगणार नाही. माझ्या कडेवर पण मुलगी होती.

मग कोणीतरी रॉकेलची बाटली आणली. वेणूबाईंनी डब्यावर ओतायला घेतली. तेवढं मात्र मला बघवलं नाही. मी मुलगी कडेवर घेऊन पळत गेले, गर्दीतून घुसले आणि डबा उचलला. मी मोठ्याने म्हटलं, "जाळू नका. माझं स्टेशन हाय."

वेणूबाई म्हणाल्या, "पोर कडेवर घेऊन करनी करीत फिरतंस? लाज नाय? भुताळी!" त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं तोच शब्द बोलले. ते कोण ते मी बघितलं नाही. कोणीतरी माझा पदर ओढला. त्यात डबा कलंडला आणि फलाटाची शेड मोडली. मला मार लागला नाही. हर्षदा रडत होती. मी डबा सोडला नाही. इतक्यात हवालदार सुनिता मॅडम आल्या आणि आम्हा सगळ्यांना ठाण्यात घेऊन आल्या.

ठाण्यात टेबलावर मी डबा उघडला. एकेक वस्तू बाहेर काढून काय आहे ते सांगितलं. हवालदार मॅडमनी टॉर्चचा सेल आणला, मी दोन वायरी लावल्या. स्टेशनात दिवा लागला. खोडाळा नाव उजळलं. पलीकडच्या खोलीतले साहेब उठून आले. वाकून बघून म्हणाले, "तिकिटाची खिडकी बंद का गं?"

मी म्हटलं, "साहेब, तिकीटवाला अजून सुकतोय."

मी बुचातलं त्याचं डोकं दाखवलं. साहेब हसले.

वेणूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाकीचं असू दे. ही बाई कोन? हिचं लुगडं माझ्यासारखंच हाय. आन् हिच्यात टाचनी."

मी सांगितलं, "ती माझी सासू हाय. गाठोड्यावर बसलीया बघा. तिला आजवर गाडीत बसायला मिळालं नाय, म्हनून तिला सगळ्यात पुढं बसवलं." मी त्यांच्यासमोर टाचणी उपसून काढली आणि विचारलं, "वेणूबाई, कंबर दुखायची राहिली काय?"

त्यांनी वाकून बघितलं. म्हणाल्या, "नाय. तशीच दुखतंय."

हवालदार मॅडम म्हणाल्या, "मग डॉक्टरकडे जा."

पुंजाबाबा खिडकीतून बघत होते. ते म्हणाले, "ही गाडी कुठं जाते?" मी म्हटलं, जव्हारला. ते म्हणाले, "मंग आमचं मोखाडा लागत नाय काय मधी?" मी म्हटलं, सामानाचा पुढचा डबा आला की त्यातून करते. वेणूबाईंनी मला विचारलं, स्टेशनाबाहेर दुकान असतं की नाही. मी म्हटलं, असतं. मग स्टेशनापुढची तुळस कशाची केली ते त्यांनी दोनदा विचारलं आणि बोट न लावता जवळून बघितली.

जयवंती मॅडमना हवालदार मॅडमनी फोन लावला. मॅडम फोनवर म्हणाल्या की डबा, सामान आणि सांगितलेलं काम त्यांचं आहे, पण "ते स्टेशन तिनं केलंय, माझं नाव लिहू नका." हे सगळ्यांनी ऐकलं. माझ्या मालकांनाही फोन केला. साईटवर हिंदी बोलून बोलून त्यांना सवय लागली आहे. ते म्हणाले, "टेन्शन मत ले, मी निघतो." मी म्हटलं, निघू नका, खाडा पडेल. मी आहे.

लक्ष्याने पहिलं शूटिंग चार ठिकाणी पाठवलं होतं. त्यात तो शब्द ऐकू येतो आणि माझं तोंड दिसतं, मुलीचं पण दिसतं. साहेबांच्या सांगण्यावरून त्याने ते काढून टाकलं. मी म्हटलं, काढून काय होणार, लोकांनी बघितलं ते बघितलं. ज्यांना ते पाठवलं त्यांना हे पण पाठव. मग मी दिवा पुन्हा लावला. त्याने स्टेशनाचं शूटिंग घेतलं. त्यात मी माझं नाव आणि गावाचं नाव सांगितलं, आणि हे मी माझ्या हातांनी केलं असं सांगितलं. तोंड झाकलं नाही. त्याने ते माझ्यासमोर त्याच चार ठिकाणी पाठवलं.

वेणूबाई आता म्हणतात की तो शब्द रागात तोंडातून गेला. त्यांनी मुलीला बिस्किटाचा पुडा दिला, तो मी घेतला. माझी आज त्यांच्यावर तक्रार नाही. पण तो शब्द मला, माझ्या सासूला किंवा माझ्या मुलीला परत कोणी बोललं, तर माझी तक्रार आहे, आणि ती द्यायला मी स्वतः येईन. ठाणे कुठे आहे ते आता मला माहीत आहे.

डबा तपासून मला परत मिळाला. मोडलेली शेड ठाण्यातल्या फायलीच्या जुन्या पुठ्ठ्याने मी इथेच बसून नीट केली. पुठ्ठा हवालदार मॅडमनी दिला. काळा दोरा आणि बिब्बा मी सोडून ठेवला आहे. सासूबाईंना काय सांगायचं ते घरी जाऊन बघते.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला आणि मला हळूहळू वाचून दाखवला. मी तो ऐकला. दोन जागी "बाहुल्या" लिहिलं होतं, तिथे "माणसं" करायला लावलं, कारण ती गाडीची वाट बघत आहेत. आता तो बरोबर आहे.

करिष्मा सुदर्शन वारघडे
खोडाळा