बरणीतले दात आणि मागच्या दाराचं कुलूप

जबाब

नाव: जबाब देणारी अल्पवयीन असल्याने वेगळ्या कागदावर घेतलं आहे. घरात टिटवी म्हणतात.
वय: सोळा वर्षे. धंदा: शिक्षण, सध्या उन्हाळी सुट्टी.
राहणार: आईवडिलांकडे. सुट्टीपुरता मुक्काम आजीकडे, समुद्राकाठच्या गल्लीतलं शेवटचं घर.
जबाब घेताना आजी (आईची आई) शेजारी बसली आहे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील घर आजीचं आहे आणि ती तिथे एकटी राहते. तिचं वय चौऱ्याहत्तर आहे. नोकरीत असताना ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. रोज सकाळी ती मागच्या दाराने समुद्रावर जाते. दार उघडलं की चार पायऱ्या आणि पुढे वाळूच. समोर एक सपाट खडक आहे, तो ओहोटीला उघडा पडतो. आजी तिथवर पोहत जाते, घटकाभर बसते आणि परत येते. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मामा (आजीचा मुलगा, या प्रकरणातला तक्रारदार) गेल्या आठवड्यात मामीला घेऊन शहरातून आला. त्याचं म्हणणं, आईचं डोकं आता ठिकाणावर नाही, या रविवारी तिला फ्लॅटवर न्यायचं आणि हे घर बंद करायचं. फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. तिथून समुद्र सोडाच, खाली उभा असलेला माणूससुद्धा धड दिसत नाही. आजी नको म्हणाली. मामा म्हणाला, "आई, तुला कळत नाही." त्यावर आजी काय म्हणाली, असं जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी विचारलं. आजी ताट घासत होती. ते स्वच्छ झालं तरी घासत राहिली.

काल संध्याकाळी मामाने मागच्या दाराच्या कडीला नवं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पुढच्या दाराला आडवी स्वतःची खाट टाकली. म्हणजे आजी तिच्याच घरात कोंडलेली. याला काय म्हणतात ते मी ठाण्याच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, तू जबाब दे, प्रश्न आम्ही विचारू.

आज सकाळी ते कुलूप मी फोडलं. हे मी राजीखुशीने सांगते. हातोडीने फोडलं. हातोडी कुठे होती? घरात होती. किती घाव घातले? मोजत बसले नाही. आवाजाने मामाला जाग कशी आली नाही? मामा घोरतो, मामीला विचारा. आजीचा या कुलपाशी काडीचाही संबंध नाही, हे ठळक लिहा. मॅडम म्हणाल्या, जबाबात ठळक काही नसतं. मग दोनदा लिहा. आजीचा या कुलपाशी काडीचाही संबंध नाही.

मामाने तक्रारीत माझे बाकीचे पराक्रमही लिहिले आहेत. मी ट्रकच्या ट्यूबवर बसून वाहत गेले आणि मच्छीमारांनी मला होडीत घालून आणलं, हे खरं आहे. शेजाऱ्यांची सायकल वाळूत उभी करून शिंपले वेचत बसले आणि भरतीने सायकल गिळली, हेही खरं आहे. मामीच्या बादलीत खेकडा सोडला. मामीने तो बघितला तेव्हा मजा आली, तेही लिहा. पण यात आजीचं डोकं कुठे आलं? सगळे उपद्व्याप माझे आहेत, तर शिक्षा मला करा. ट्यूबच्या दिवशी आजी मला एवढंच म्हणाली होती, "वारा जमिनीकडून आहे की नाही ते बघायचं असतं, गाढवे."

पाण्यात उतरण्याआधी आजी चष्मा, कवळी आणि कानातलं मशीन काढून झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवते. एकदा लाटेने कवळी नेली, तेव्हापासूनची ही सवय. आजही तिने बरणी पायऱ्यांखाली वाळूत ठेवली, शेजारी कपड्यांची घडी. ती बरणी आता मॅडमच्या टेबलावर मुद्देमाल म्हणून आहे. त्यामुळे मी काय सांगते आहे ते आजीला ऐकू येत नाही. ती मघापासून मला बघून मान हलवते आहे, ती अंदाजाने.

आम्ही खडकावर पोचलो. केळी मी पिशवीत घालून कमरेला बांधली होती. ती खात असताना किनाऱ्यावर माणसं जमलेली दिसली. मामाला जाग आली होती, दार सताड उघडं दिसलं आणि बाहेर ही बरणी. आइस्क्रीमवाला तिथेच होता. तो सांगतो, मामाने बरणी उराशी धरली आणि "आईचे दात! आईचे दात!" म्हणून हंबरडा फोडला. मामा हात हलवतोय, असं मी आजीच्या कानाशी ओरडून सांगितलं. आजी म्हणाली, "बरं झालं, राग गेला वाटतं." आणि तिनेही हात हलवला.

मग मामा बूट-पँटसकट पाण्यात शिरला. मी हसले. हे लिहा, कारण मी हसले. मामाला पोहता येत नाही. पोहायला शिकवणाऱ्या बाईचा मुलगा, पण लहानपणी पाण्याला घाबरला तो घाबरलाच. तो आत आत येत राहिला. गळ्यापर्यंत पाणी आलं, एक लाट आली आणि मामा दिसेना. मी आजीच्या कानाशी किंचाळले, "आजी, मामा बुडतोय!" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आजी पाण्यात होती. मी मागून जीव तोडून पोहले, पण तिला गाठता आलं नाही. तिने मामाला पाठीमागून हनुवटीखाली धरलं आणि पाय टेकेपर्यंत आणलं. मग आइस्क्रीमवाल्याने आणि मी त्याला वाळूत ओढलं. मामा पाणी ओकला. मग आजीचा हात घट्ट धरून लहान मुलासारखा रडला. मला फार भीती वाटली होती. मामा मला आवडतो, हे त्याला सांगू नका.

त्यानंतर तासाभरात त्याने इथे येऊन तक्रार दिली की, भाचीने कुलूप तोडून वृद्ध आईला धोक्याच्या पाण्यात नेलं. मी साहेबांना ती तक्रार पुन्हा वाचायला लावली. त्यात "स्थानिक लोकांनी मला बाहेर काढले" असं आहे. आजी स्थानिक लोक आहे का? माझं एवढंच म्हणणं आहे. मला उद्याच्या गाडीने घरी पाठवा, पुढच्या सुट्टीत येऊ देऊ नका, चालेल. पण आजीला रविवारी न्यायचं नाही.

जबाब वाचून दाखवायचा असल्याने साहेबांच्या सांगण्यावरून बरणी आजीच्या ताब्यात दिली. आजीने कवळी बसवली, मशीन कानात घातलं, चष्मा लावला आणि "हं, वाचा" म्हणाली. कुलपापाशी आल्यावर तिने हात वर करून मॅडमना थांबवलं. तिच्या सांगण्यावरून पुढची दुरुस्ती केली:

"पोरगी साफ खोटं बोलते. तेव्हा ती तोंड उघडं टाकून झोपली होती, मी तिला नंतर उठवलं. घर माझं, दार माझं, हातोडी माझी. कुलूप मी फोडलं. आवाज होऊ नये म्हणून वर ओला टॉवेल धरला होता. डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईला ओला टॉवेल सुचतो का, हे त्या बाकावर बसलेल्या माझ्या मुलाला विचारा. आणि मग त्याला म्हणावं, केस पूस, सर्दी होईल."

मॅडमनी तक्रारदाराला विचारलं. तो "नाही सुचत" म्हणाला, उठला आणि फुटलेल्या कुलपाची किल्ली आजीच्या हातात दिली.

दुरुस्तीसह जबाब पुन्हा वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे नाही. आजीच्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि बरोबर आहे.

सही: टिटवी
समक्ष: आजी