मेंढ्यांनी भरलेली फी

आदरणीय अध्यक्ष तात्यासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आज श्रीखंड आहे ते आपले कार्यालय अधीक्षक साहेबराव, आणि भाषणं संपेपर्यंत ज्यांना ते मिळणार नाही असे श्रोतेहो,

आरंभी एक गंभीर तक्रार नोंदवतो. संस्थेनं नवा सोफा आणला, पण त्याचं प्लास्टिक काढलं नाही. मघापासून प्रत्येक वक्त्याचा गळा दाटून आला, की माझ्या खालून चर्र असा आवाज येतो. ती दाद माझी नव्हे, ही नोंद घ्यावी.

तर साहेबराव. सरकारनं उच्च शिक्षण फुकट करावं का, यावर आम्ही रोज चहाला भांडलो. "फुकट दिलं की पोरं वर्गात येत नाहीत," हे त्यांचं म्हणणं. फी भरूनही ती येत नाहीत, हा माझा अनुभव.

मग सरकारनं मुलींची शिक्षण फी माफ केली. सिल्लोडकडचे मेंढपाळ कडूबा लेकीचा, दिपालीचा, प्रवेश घ्यायला साहेबरावांच्या खिडकीशी आले. शेवटचा दिवस होता. फी भरली नाही तर जागा जाणार होती.

"माफ केलं म्हनत्यात ना, साहेब?"

"शिकवायचं माफ केलंय. बाकीचं नाय."

"बाकीचं म्हंजी?"

"जिमखाना, विकासनिधी, स्नेहसंमेलन."

"पोरगी नाचनार नाय, साहेब. निस्तं शिकंल."

साहेबरावांनी चष्मा काढला. महाविद्यालय शेतीच्या तुकड्यासाठी दरसाल खत विकत घेतं. "तुमच्या मेंढ्या दिवाळीत आमच्या रानात बसवा," ते म्हणाले, "लेंडीखताच्या पैशात फी वळती करू." तोवर फीचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले.

योजना निर्दोष होती. फक्त तपासणी समितीसाठी फाटकापासून मांडलेली शोभेची झाडं मेंढ्यांना कुणी समजावून सांगितली नव्हती. सुट्टीनंतर तात्यासाहेबांनी विचारलं, "झाडं कुठं गेली?"

"खतात जमा झाली, साहेब," साहेबराव म्हणाले.

तात्यासाहेब हसतायत. त्या दिवशी हसले नव्हते.

आता मला सांगा, जेवण माफ आणि ताटवाटीचं भाडं वेगळं, याला माफी म्हणायची का? फुकट द्यायचं तर सगळं द्या. फुकटाला विरोध करणाऱ्या या गृहस्थानं एका मुलीपुरतं सरकारचं काम केलं. पण साहेबराव आज निवृत्त होतायत. सरकार निवृत्त होत नाही, म्हणून हे काम त्याचं आहे. आमच्या अधीक्षकांचं नव्हे, आणि मेंढ्यांचं तर नव्हेच.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला बोललेलं टोचलं असेल, तर श्रीखंडाआधी पोटात घालावं.

बसण्याआधी एक सांगायचं राहिलं. साहेबराव निवृत्त झाल्यावर दिपालीच्या शेवटच्या वर्षाचं काय, हे कडूबांनी मला दोनदा विचारलं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मेंढ्या माझ्या लासूरच्या शेतात बसल्या होत्या, आणि त्या खताच्या मोबदल्यात ठरलेली बाजरी द्यायची राहून गेली होती. त्यांना विचारूनच, त्या बाजरीऐवजी दिपालीची फी आज सकाळी मी खिडकीत भरली. साहेबरावांनी घेतलेली ती शेवटची फी.